विषय कोणी काढायचा?

ती विधवा होती, श्रीमंत होती, वय चाळिशीच्या आसपास. बोलताना तिची जीभ अडखळायची, चेहऱ्याचे स्नायू आपोआप उडायचे, पोटात दुखायचं. मध्येच दचकून ती समोरच्याला गप्प राहायला आणि अंगाला हात न लावायला बजावायची. उपचार करणारा डॉक्टर तिच्याहून लहान, तिशीतला. तो रोज यायचा, मालिश करायचा, संमोहनाखाली नेऊन प्रश्न विचारायचा. हे दुखणं केव्हापासून? ही भीती कशावरून? ती कुठून आली? एक दिवस बाई वैतागल्या. सारखं हे कुठून आणि ते कुठून असं विचारत बसू नका, मला जे सांगायचं आहे ते सांगू द्या, असं त्यांनी डॉक्टरला सुनावलं. डॉक्टरने त्यांचं ऐकलं आणि पुढे हा प्रसंग स्वतःच्या पुस्तकात छापलाही.

ही १८८० च्या दशकाच्या अखेरची, व्हिएन्नातली हकीकत. डॉक्टरचं नाव सिग्मंड फ्रॉइड. योसेफ ब्रॉयर यांच्यासोबत त्याने १८९५ मध्ये हिस्टेरियावर जे पुस्तक काढलं, त्यात ही बाई 'एमी फॉन एन.' या नावाने येते. मनोविश्लेषणाच्या इतिहासात फ्रॉइडच्या सिद्धांतांवर ग्रंथांच्या राशी लिहिल्या गेल्या. पण त्याला प्रश्न आवरायला लावलं ते या बाईंच्या तक्रारीने, आणि तिचं मोल त्या सिद्धांतांपेक्षा तसूभरही कमी नाही. पेशंटने मनात येईल ते बोलावं आणि डॉक्टरने ऐकावं, ही पुढे मनोविश्लेषणाची पायाभूत रीत ठरली.

थेरपीच्या खोलीत साधारण पन्नास मिनिटं दोन माणसं समोरासमोर बसतात. एकाला त्रास होतो आहे, दुसऱ्याने तो कमी करण्याचं शिक्षण घेतलेलं आहे. त्या पन्नास मिनिटांत बोलायचं कशावर? नवऱ्याच्या दारूवर की आईच्या अबोल्यावर? नोकरी गेली त्यावर की लहानपणी घडलेल्या गोष्टीवर? एकाच माणसाच्या आयुष्यातले हे सगळे विषय खरे असतात. त्यातला कुठला वर येतो आणि कुठला तळाशी राहतो, यावर त्या तासाचं फळ बरंचसं ठरतं.

एमीच्या आधी हा रस्ता आणखी एकीने दाखवला होता. बेर्था पापेनहाइम १८८० मध्ये ब्रॉयरकडे आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. वडील मरणपंथाला लागले होते आणि त्यांची सेवा करता करता ती स्वतःच आजारी पडली. हात लुळा पडला, नजर बिघडली, काही काळ तर मातृभाषा जर्मन हरवून ती फक्त इंग्रजीत बोलू लागली. ब्रॉयर संध्याकाळी येत आणि ती दिवसभर मनात साचलेलं त्यांना सांगे. एकदा ऐन उन्हाळ्यात तिला पाणीच पिता येईना. ओठांना पेला लागला की ती तो दूर सारी. सहा आठवडे तिने कलिंगडासारख्या फळांवर तहान भागवली. मग एका संध्याकाळी तिच्या तोंडून एक आठवण बाहेर पडली. घरात सोबतीला असलेल्या इंग्रज बाईच्या कुत्र्याला तिने पेल्यातून पाणी पिताना पाहिलं होतं आणि त्या वेळी आलेली किळस, राग, सगळं शिष्टाचारापोटी गिळून टाकलं होतं. सांगून झालं, तिने पाणी मागितलं आणि ती भरपूर प्यायली. 'बोलण्याने उपचार' हे नाव या पद्धतीला तिनेच दिलं.

पुस्तकात ही कथा जितकी गोड संपते तितकी ती प्रत्यक्षात संपली नाही. १८८२ मध्ये बेर्थाला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगनच्या सॅनटोरियममध्ये दाखल करावं लागलं. पूर्ण उभं राहायला तिला पुढे बरीच वर्षं लागली. मात्र उभी राहिली ती ताकदीने. फ्रँकफुर्टमध्ये तिने अनाथाश्रम चालवला, १९०४ मध्ये जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभारली, स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर काम केलं. ब्रॉयरच्या कथेत तिच्या बुद्धीचं कौतुक आहे; त्या बुद्धीला घरात करण्याजोगं काहीच काम नव्हतं, याचीही नोंद आहे. पण तो उपचाराचा विषय झाला नाही.

विषय कोणाचा, या प्रश्नाचं सर्वांत बोचरं उदाहरण १९०० सालचं आहे. अठरा वर्षांच्या ईडा बाउअरला तिचे वडील फ्रॉइडकडे घेऊन आले. फ्रॉइडच्या लेखनात तिचं नाव 'डोरा'. डोराच्या वडिलांचे एका स्नेह्याच्या बायकोशी संबंध होते, आणि तो स्नेही या कोवळ्या मुलीच्या मागे लागला होता. तळ्याकाठी त्याने तिच्यापुढे प्रस्ताव ठेवला तेव्हा तिने त्याच्या थोबाडीत दिली आणि घरी येऊन सांगितलं. त्या गृहस्थाने साफ नाकारलं. वडिलांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. मुलीच्या मनाचे खेळ आहेत, असं म्हणून विषय संपवला आणि तिला 'शुद्धीवर आणण्यासाठी' डॉक्टरकडे आणलं.

डोराला हवं होतं ते एवढंच की, घडलं ते घडलं, असं कुणीतरी मोठ्या माणसाने म्हणावं. फ्रॉइडने, त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं, तिच्या हकिकतीवर विश्वास ठेवला. पण त्याला बोलायचं होतं दुसऱ्याच गोष्टीवर. तिची दोन स्वप्नं, त्यांतली प्रतीकं, आणि त्या गृहस्थाविषयी तिच्या मनात लपलेलं प्रेम. ती नाही म्हणाली की त्या नकारातही त्याला होकार दिसायचा. अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबर १९०० रोजी, डोराने हे शेवटचं असं सांगितलं आणि ती निघून गेली.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. १९०२ मध्ये ती एकदाच फ्रॉइडला भेटायला आली, तेव्हा तिने काय केलं ते सांगितलं. त्या स्नेह्याच्या कुटुंबात मूल दगावलं होतं म्हणून ती सांत्वनाला गेली होती, आणि तिथे तिने दोघांकडून खरं वदवून घेतलं. बाईंनी संबंधांचा इन्कार केला नाही, गृहस्थाने तळ्याकाठचा प्रसंग कबूल केला. जे बोलणं डॉक्टरच्या खोलीत व्हायला हवं होतं ते अठरा वर्षांच्या मुलीने बाहेर, एकटीने, घडवून आणलं. फ्रॉइडने १९०५ मध्ये ही केस प्रसिद्ध केली आणि आपलं कुठे चुकलं याची चर्चाही केली. तिचं मन आपल्याविषयी काय म्हणतंय हे वेळेत ओळखलं नाही, असं त्याचं निदान. शंभर वर्षांनंतर वाचताना दिसतं ते याहून साधं आहे. ती एक विषय घेऊन आली होती आणि त्याने तो बदलला.

विषय थेरपिस्टगणिक कसा बदलतो, याचा चक्क चित्रपट उपलब्ध आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत एव्हरेट शोस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञाने 'ग्लोरिया' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका घटस्फोटित तरुण आईला एकापाठोपाठ एक तीन नामवंत थेरपिस्टांसमोर बसवलं आणि कॅमेरा सुरू केला. कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. प्रत्येकाला साधारण अर्धा तास.

रॉजर्ससमोर ग्लोरियाने मुलीचा विषय काढला. नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं होतं की, बाबांपासून वेगळी झाल्यावर तू दुसऱ्या कुणा पुरुषाबरोबर राहिलीस का, आणि आई खोटं बोलली होती. ते खोटं तिला खात होतं. मुलीला खरं सांगू का, त्याने तिला इजा तर होणार नाही ना? तिला रॉजर्सकडून थेट उत्तर हवं होतं आणि ती ते पुन्हा पुन्हा मागत राहिली. रॉजर्सने उत्तर दिलं नाही. तुमचं उत्तर तुमच्यापाशीच आहे, या श्रद्धेने तो तिचंच म्हणणं तिला अधिक स्पष्ट करून परत देत राहिला. शेवटी शेवटी ती म्हणाली की तुमच्यासारखे वडील मिळायला हवे होते, आणि रॉजर्स म्हणाला की तू मला छान मुलगी वाटतेस. त्या दोन वाक्यांवर पुढे अनेक दशकं वाद झाले.

पर्ल्ससमोर मुलगी, घटस्फोट, खोटं बोलणं, काहीच टिकलं नाही. घाबरले आहे, असं ती म्हणाली आणि म्हणताना हसली. पर्ल्सने ते हसू पकडलं. घाबरलेलं माणूस हसत नाही, हे नाटक आहे, असं तो तिला डिवचू लागला. विषय उरला तो एकच, या क्षणी या खुर्चीत ही बाई काय करते आहे. ती चिडली, भांडली, आपला मान राखा असं म्हणाली. एलिसने आणखी तिसरीच वाट धरली. आवडलेल्या पुरुषासमोर ती बुजते, याचं कारण तिच्या मनातली वाक्यं आहेत, ती कशी खोडायची, हे त्याने भराभर समजावलं. त्या अर्ध्या तासात बराच वेळ एलिसच बोलत होता.

एक बाई, एक दिवस, तीन विषय. त्यातला मुलीचा विषय तिने स्वतः आणलेला. तो फक्त एकाच ठिकाणी पुरता ऐकला गेला. चित्रीकरणानंतर तिने पर्ल्सची पद्धत आपल्याला जास्त उपयोगी पडेल असं सांगितलं होतं. पण पुढे १९७९ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने जाईपर्यंत तिने पत्रं लिहिली ती रॉजर्सना.

एलिसचा धागा महाराष्ट्रात येऊन पोचतो. मूळचा मनोविश्लेषक असलेला एलिस वर्षानुवर्षं नुसतं ऐकत राहण्याला कंटाळला आणि १९५५ च्या सुमारास त्याने स्वतःची पद्धत मांडली. मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी त्याच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, त्याच्या संस्थेचं प्रशिक्षण घेतलं आणि ही विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत आणली. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीने ती घरोघर पोचवली. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेनेही व्याख्यानं, पुस्तकं आणि कार्यशाळांतून याच विचाराचा प्रसार केला. मराठी माणसाला ही पद्धत इतकी मानवली याचं एक कारण उघड आहे. यात समोरचा बोलतो. काहीतरी सांगतो. गृहपाठ देतो.

आपल्याकडचा पेशंट खुर्चीत बसतो आणि पहिल्या पंधरा मिनिटांत विचारतो, "मग डॉक्टर, मी काय करू?" गप्प राहून मान डोलावणाऱ्या थेरपिस्टकडे तो दुसऱ्यांदा जात नाही. फी कशाची घेतली, असा प्रश्न घरचे विचारतात. भारतीय मनोविकारतज्ज्ञांना हे फार पूर्वी जाणवलं होतं. जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-चेला नात्याचा नमुना मांडला. पेशंटने लवकरात लवकर स्वतंत्र व्हावं, अंतर राखावं, ही पाश्चात्त्य अपेक्षा इथे जशीच्या तशी लावू नये, कारण इथे आधार घेणं हा कमीपणा मानला जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याही आधी, १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडला पत्राने कळवलं होतं की, युरोपीय पेशंटांत ज्या भयाची तुम्ही इतकी चर्चा करता ते माझ्या भारतीय पेशंटांत तितकं दिसत नाही. फ्रॉइडशी आदराने आणि ठामपणे असहमत होणाऱ्या एका भारतीयाची ही नोंद आहे, आणि ती पेशंट काय बोलतात याच्या निरीक्षणावर उभी होती.

नेकींच्या नमुन्यात धोकाही आहे आणि तो आपल्या देशात सांगावा लागत नाही. गुरू झालेला माणूस विषय ठरवतो, उत्तर ठरवतो आणि शिष्याने प्रश्न विचारू नये अशी अपेक्षा धरतो. म्हणून मार्गदर्शनाची मागणी मान्य करणं एक आणि विषयाची सूत्रं हातात घेणं वेगळं, हा फरक थेरपिस्टला रोज सांभाळावा लागतो.

मार्गदर्शन फक्त भारतीयांनाच हवं असतं, असंही नाही. मिक कूपर आणि जॉन नॉरक्रॉस यांनी पेशंटला थेरपी कशी हवी हे विचारणारी एक प्रश्नावली तयार केली. थेरपिस्टने पुढाकार घ्यावा की पेशंटने, भावनांत खोल उतरावं की बेतानं, भूतकाळावर बोलावं की वर्तमानावर, मायेनं घ्यावं की आव्हान द्यावं, असे तिचे चार पैलू. २०१९ मध्ये त्यांनी सामान्य लोकांची आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. सामान्य लोकांना थेरपिस्टचा पुढाकार जास्त हवा होता. व्यावसायिकांना भावनांची तीव्रता जास्त हवी होती. म्हणजे थेरपिस्टला स्वतःसाठी जे आवडेल ते समोरच्यालाही हवं असेल, हा अंदाज बऱ्याचदा फसणार. रडायला लावणारं सत्र थेरपिस्टला 'चांगलं झालं' असं वाटू शकतं, आणि पेशंट त्याच वेळी सोमवारी साहेबांसमोर काय बोलायचं याचा विचार करत असू शकतो.

भारतात आणखी एक अडचण असते: पेशंट खोलीत एकटा नसतो. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं आणि त्यांना उपचारात सामील करून घेतलं. रुग्ण लवकर बरे होऊन घरी जाऊ लागले, आणि कुटुंबाला सोबत घेण्याची ही पद्धत पुढे वेल्लोर आणि बेंगळुरूपर्यंत गेली. ते मोठंच काम होतं. पण सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सून स्टुलावर आणि सासू मागे उभी असते, तेव्हा सून डोकं दुखतं याच्या पलीकडे काही सांगत नाही. 'कधीपासून?' याचं उत्तर सासू देते. 'झोप?' याचंही. २०१७ च्या मानसिक आरोग्य काळजी कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला. डॉक्टरने नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो.

डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात, कशात मन लागत नाही. आपल्याकडे मनाची गोष्ट बहुधा अंगापासून सुरू होते. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या दृष्टीने फार बोलका आहे. अंगावरून पांढरं जातं, ही बायकांची नेहमीची तक्रार. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यावर जंतुसंसर्ग समजून गोळ्या दिल्या जातात. त्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली, तपासण्या केल्या आणि आढळलं ते असं की, या तक्रारीचा सर्वांत घट्ट संबंध जंतुसंसर्गाशी नव्हता, तर ताण, उदासी आणि घरातल्या परिस्थितीशी होता. त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. दवाखान्यात ज्या विषयाला जागा आहे तो त्यांनी काढला होता. त्यामागचा विषय कुणी विचारलाच नव्हता.

याच गोव्यात 'संगत' या संस्थेने पुढे एक पाऊल टाकलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून तयार केलं आणि दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या पेशंटांबरोबर सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम राबवला. बालपण उकरून काढायचं नाही. अलीकडे काय करायचं सोडलं, भजनाला जाणं, बाजार, शेजारणीकडे बसणं, आणि त्यातलं काय पुन्हा सुरू करता येईल, यावर बोलायचं. समोर खरी अडचण असेल तर ती सोडवायला हातभार लावायचा. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. पेशंट ४९५. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते. फक्त नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत ते प्रमाण ३९ टक्के होतं. विषय साधे होते आणि ते पेशंटच्या दिवसातले होते.

तरीही जे बोललंच जात नाही त्याचं काय? मराठीत याचा एक अस्सल पुरावा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचक त्यांना कामजीवनाविषयी प्रश्न लिहून पाठवत. हस्तमैथुन, संततिनियमन, समलिंगी आकर्षण, जे घरात, देवळात, डॉक्टरकडे कुठेही विचारता येत नव्हतं ते. कर्वे उत्तरं छापत. त्यावरून खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांना बोलायचंच नसतं, हा समज या मासिकाच्या अंकांसमोर टिकत नाही. ऐकणारा घाबरणार नाही आणि नाव फुटणार नाही, एवढी खात्री त्यांना हवी होती.

ती खात्री थेरपीच्या बंद खोलीतही सहज मिळत नाही. बॅरी फार्बर आणि मॅट ब्लँचर्ड यांनी अमेरिकेत थेरपी घेणाऱ्या ५४७ जणांना विचारलं, तेव्हा ९३ टक्क्यांनी थेरपिस्टशी कधी ना कधी खोटं बोलल्याचं सांगितलं. पहिल्या क्रमांकाचं खोटं फार साधं आहे. ५४ टक्के लोकांनी आपल्याला खरोखर किती वाईट वाटतंय ते कमी करून सांगितलं होतं. ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार दडवले होते. आणि २९ टक्क्यांनी थेरपिस्टचं म्हणणं किंवा सूचना आवडल्याचं ढोंग केलं होतं. मदत मागायला आलेला माणूस मदत करणाऱ्याचं मन राखत असतो. मराठी घरांत वाढलेल्या, मोठ्यांना उलट उत्तर न देणाऱ्या पेशंटबद्दल हे किती खरं असेल याचा विचार प्रत्येक समुपदेशकाने करायला हवा. आत्महत्येच्या विचारांबद्दल तर त्याने स्वतःहून, स्पष्ट शब्दांत विचारायला हवं. विचारल्याने ते विचार रुजत नाहीत, असंच संशोधन सांगतं. तो विषय काढणं पेशंटवर सोडून चालत नाही.

इथे या लेखाचं म्हणणं स्पष्ट करायला हवं. विषय पेशंटचा. पण त्या विषयापर्यंत पोचायला त्याला सोबत लागते आणि कधी कधी ढकलावंही लागतं. एमीने फ्रॉइडला गप्प केलं ते बरोबर होतं. ओपीडीतल्या सुनेला मात्र कुणीतरी विचारल्याशिवाय ती बोलणार नाही. थेरपिस्टचाही विषय असतोच, त्याच्या शिक्षणातून, धर्मातून, जातीतून, घरातून आलेला. तो त्याने उघड सांगावा. लपवलेला विषय सर्वांत जास्त इजा करतो.

ती इजा किती खोल असते हे समलिंगी तरुणांना विचारावं. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. तरीही आपल्याकडे कित्येक दशकं घरचे मुलाला डॉक्टरकडे नेत राहिले आणि काही डॉक्टर त्याला 'सुधारत' राहिले. मुलाला बोलायचं असे एकटेपणावर, वडिलांच्या मारावर, लग्नाच्या सक्तीवर. डॉक्टरला बोलायचं असे त्याचं आकर्षण कसं बदलायचं यावर. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा न मानणारा कलम ३७७ चा निकाल दिला, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही समलैंगिकता हा आजार नाही असं जाहीर केलं. जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा 'रूपांतर' उपचारांवर बंदी घालायला सांगितलं, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. मद्रासच्या त्या खटल्यातले न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी केलेली एक गोष्ट सर्व थेरपिस्टांनी लक्षात ठेवावी अशी आहे. समलिंगी नात्यांबद्दल आपलं स्वतःचं अज्ञान आणि पूर्वग्रह निकालाआड येऊ नयेत म्हणून ते आधी स्वतः एका मानसतज्ज्ञापुढे जाऊन बसले, आणि हे त्यांनी आदेशात लिहून ठेवलं.

दोघांनी एकच तास अनुभवला तरी दोघांना तो एकच वाटतो का? इर्विन यालोम या स्टॅनफर्डच्या मनोविकारतज्ज्ञाने १९७० च्या सुमारास ते पडताळून पाहिलं. लिखाण खुंटलेल्या एका तरुण लेखिकेला त्याने फीऐवजी प्रत्येक सत्रानंतर आपला अनुभव लिहून द्यायला सांगितलं, स्वतःही लिहिलं, आणि काही महिन्यांनी दोघांनी एकमेकांच्या नोंदी वाचल्या. १९७४ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. यालोमला आपले अर्थ उलगडून दाखवणारे विवेचक क्षण मोलाचे वाटले होते. तिच्या नोंदींत ते जवळजवळ नव्हतेच. तिने टिपलं होतं ते वेगळं: त्याने तिच्या दिसण्याचं केलेलं कौतुक, उशीर झाला म्हणून मागितलेली माफी, तिच्या उपहासावर आलेलं त्याचं हसू.

यालोमने निदान वाचलं तरी. बाकीच्यांना पेशंटने सांगितल्याशिवाय काही कळत नाही, हे आकड्यांतूनही दिसतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात थेरपिस्टांना आपल्या ५५० पेशंटांपैकी कुणाची तब्येत उपचारादरम्यान बिघडेल याचा अंदाज करायला सांगितलं होतं. त्यांनी तिघांची नावं दिली. बिघडली ती चाळीस जणांची, आणि त्या तिघांपैकी एकच त्या चाळिसांत होता.

यावर स्कॉट मिलर, बॅरी डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला उपाय एका कागदावर मावतो. सत्र संपायला काही मिनिटं असताना थेरपिस्ट हा कागद पेशंटपुढे ठेवतो. त्यावर दहा-दहा सेंटिमीटरच्या चार रेषा असतात आणि पेशंटने प्रत्येक रेषेवर एक खूण करायची असते. पहिली रेषा ऐकून घेतलं गेलं का, मान मिळाला का, याची. तिसरी पद्धत जमली का याची, चौथी एकूण सत्राची. दुसरी रेषा मात्र थेट या लेखाच्या प्रश्नाची आहे: मला ज्यावर बोलायचं होतं त्यावर आज बोललो का? लोक भिडेखातर चारही खुणा उजव्या टोकाला करतात, हे ठाऊक असल्याने चाळीसपैकी छत्तीसच्या खाली बेरीज गेली तरी थेरपिस्टने थांबून विचारायचं असतं. कागद भरताना तो समोर बसलेला असतो, आणि डावीकडे सरकलेल्या खुणेबद्दल आधी आभार मानायचे, कारण ती करायला पेशंटला धीर लागलेला असतो. मग विचारायचं, आज कशाबद्दल बोलायचं राहिलं? जे नाव पेशंट घेईल, मग ते नवऱ्याचं असो, कर्जाचं असो की थेरपिस्टच्या स्वतःच्या एखाद्या वाक्याचं असो, ते लिहून घ्यायचं आणि पुढच्या भेटीत बोलणं तिथून सुरू करायचं.